विश्लेषण : इंटरनेट संथ, पण दोष लाइनचा नाही! संगणकातले ‘इंटरप्ट’ वेग कसा अडवतात?

इंटरनेट संथ झाले की घरोघरी आणि कार्यालयांत ठरलेला क्रम सुरू होतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, केबलवाल्याला फोन जातो, तो येऊन स्पीड टेस्ट दाखवतो आणि अखेरीस १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा होतो. तरीही तो एक संगणक अडखळतच राहतो. अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष वाय-फायचा, खराब केबलचा किंवा सेवा पुरवठादाराकडील गर्दीचा असतो, हे खरे. मात्र एक दोष असा आहे, जो लाइन कितीही तपासली तरी सापडत नाही. डेटा संगणकाच्या दारापर्यंत वेळेवर आलेला असतो, पण त्याला आत घेण्याची व्यवस्थाच कोलमडलेली असते. हा दोष हार्डवेअर इंटरप्टचा. तो न ओळखता प्लॅन वाढवणे म्हणजे घरातला नळ तुंबलेला असताना गच्चीवर मोठी टाकी बसवणे. पैसे जातात, पाणी येत नाही.

हार्डवेअर इंटरप्ट म्हणजे काय?

संगणकाचा प्रोसेसर एका वेळी आपल्या हातातील कामात गुंतलेला असतो. दरम्यान कीबोर्डवर कळ दाबली जाते, डिस्कवरून फाइल वाचून होते, नेटवर्क कार्डावर डेटाचे पॅकेट येऊन पडते. ही उपकरणे प्रोसेसरला एक विद्युत संकेत पाठवतात. ‘हातातले काम थांबवा, इकडे पाहा’, असा त्याचा अर्थ. हा संकेत म्हणजे इंटरप्ट. तो मिळताच प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे ठेवतो, संबंधित उपकरणाच्या ड्रायव्हरला बोलावतो, त्याचे काम उरकतो आणि मग आधीच्या कामाकडे परततो.

पोस्टमनने दाराची बेल वाजवावी, तसाच हा प्रकार. दिवसातून दोनदा बेल वाजली तर सोय होते. पण प्रत्येक पत्रासाठी वेगळी बेल वाजू लागली आणि पत्रे हजारोंनी येऊ लागली, तर घरातल्या माणसाचा सगळा वेळ दार उघडण्यातच जाईल. याउलट बेलची वायर तुटली, तर पत्रे दाराबाहेर पडून राहतील. इंटरप्टचे दोष प्रामुख्याने या दोन जातींचे असतात. एक तर बेल फार वाजते, नाहीतर ती ऐकूच येत नाही. दोन्ही वेळा वापरकर्त्याला दिसते ते एकच : ‘नेट स्लो आहे’.

प्रोसेसरवर असा किती भार पडतो?

आकडे पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. इथरनेटवर एका पूर्ण आकाराच्या पॅकेटला, आधीचा संकेत आणि नंतरची मोकळी जागा धरून, १,५३८ बाइट लागतात. म्हणजे १ गिगाबिट वेगाच्या केबलवरून सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट येऊ शकतात. दोन पॅकेटमधले अंतर साधारण १२ मायक्रोसेकंद. पॅकेट सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटचे असेल, तर हाच आकडा सेकंदाला १४ लाख ८८ हजारांवर जातो आणि प्रत्येक पॅकेटसाठी पाऊण मायक्रोसेकंदही मिळत नाही. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एवढ्या वेळात जेमतेम २ हजार ठोके पूर्ण करतो. त्यातच काम थांबवणे, ड्रायव्हर चालवणे, पॅकेट तपासणे आणि परत फिरणे हे सारे बसवायचे असते.

घरगुती १०० एमबीपीएस जोडणीवर पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला आठ हजारांच्या आसपास येतात. आजच्या कोणत्याही धडधाकट संगणकाला हा भार जाणवतही नाही. त्यामुळे घरच्या संगणकावर इंटरप्टचा त्रास दिसला, तर तो बहुधा पॅकेटच्या संख्येमुळे नसतो. बिघडलेला ड्रायव्हर, अडकलेली इंटरप्ट लाइन किंवा चुकलेली सेटिंग ही त्याची कारणे असतात. स्वस्त राउटर आणि कार्यालयातील सर्व्हर यांच्याबाबत मात्र संख्येचाही प्रश्न येतो.

हा प्रश्न नवा आहे का?

मुळीच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटरप्टसाठी अवघ्या आठ लाइन होत्या. १९८४ च्या पीसी-एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप बसवून त्या १५ पर्यंत नेण्यात आल्या. त्यातल्या निम्म्या घड्याळ, कीबोर्ड, डिस्क यांनीच अडवलेल्या. नव्वदच्या दशकात नेटवर्क कार्ड बसवणाऱ्या तंत्रज्ञाला कार्डावरचे छोटे जंपर हलवून मोकळी लाइन शोधावी लागे. तीन क्रमांकाची लाइन घेतली तर दुसऱ्या सीरियल पोर्टशी टक्कर, पाच क्रमांकाची घेतली तर साउंड कार्डशी. टक्कर झाली की मोडेम बोलायचा थांबे किंवा नेटवर्क अधूनमधून गायब होई. त्या काळच्या जुन्या विस्तार स्लॉटमध्ये दोन उपकरणांना एक लाइन सुखाने वाटून घेता येत नसे.

पुढे पीसीआय स्लॉट आले आणि लाइन वाटून घेण्याची सोय झाली. ‘विंडोज ९५’ने क्रमांक आपोआप ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर एमएसआय आणि एमएसआय-एक्स या पद्धती आल्या. यात स्वतंत्र वायरीवरून संकेत पाठवण्याऐवजी उपकरण मेमरीत एक छोटा संदेश लिहिते आणि तोच इंटरप्ट ठरतो. एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला २,०४८ पर्यंत वेगवेगळे इंटरप्ट मिळू शकतात. जंपरचे दिवस गेले, ते यामुळे. पण प्रश्न संपला नाही. तो मदरबोर्डावरून ड्रायव्हर आणि सेटिंग्जमध्ये सरकला आणि त्यामुळेच डोळ्यांआड झाला.

‘सगळे काम चालू, उत्पादन शून्य’ ही स्थिती कशी येते?

१९९६ मध्ये यूसेनिक्स परिषदेत जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी मांडलेला शोधनिबंध या विषयात मैलाचा दगड मानला जातो. पॅकेटचा ओघ एका मर्यादेपलीकडे गेला, की इंटरप्टवर चालणारी यंत्रणा फक्त इंटरप्टच हाताळत बसते. आत घेतलेली पॅकेट पुढे पोहोचवायला तिला वेळच उरत नाही. प्रोसेसर १०० टक्के व्यग्र, पण उपयुक्त काम शून्याकडे. या स्थितीला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हणतात. गोठलेल्या यंत्रापेक्षा ही वेगळी गोष्ट. इथे यंत्र धावत असते, पण जागच्या जागी.

त्यावरचा उपाय साधा, पण परिणामकारक होता. पहिली बेल वाजली की बेल बंद करायची, दारात जमलेली सगळी पत्रे एकगठ्ठा आत घ्यायची, ढीग संपला की बेल पुन्हा सुरू करायची. लिनक्समध्ये हीच कल्पना ‘नॅपी’ या नावाने आली. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओलसन आणि अलेक्सी कुझनेत्सोव यांनी २००१ मध्ये ती मांडली आणि डिसेंबर २००३ च्या लिनक्स २.६ आवृत्तीत ती रुजलेली होती. आजचे अँड्रॉइड फोन, बहुतेक घरगुती राउटर आणि इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात. म्हणजे मोबाइलवर व्हिडीओ पाहणाऱ्याच्या हातातही ही कल्पना रोज राबत असते.

गाणे लावले की फाइल संथ : विस्टामध्ये काय घडले?

२००७ मध्ये ‘विंडोज विस्टा’ वापरणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. संगणकावर गाणे लावले, की नेटवर्कवरून फाइल घेण्याचा वेग कोसळायचा. गाणे बंद केले, की वेग पूर्ववत. केबल, स्विच, प्लॅन यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रुसिनोविच यांनी कारण उघड केले. नेटवर्कच्या इंटरप्टनंतर करायचे काम इतर कामांच्या आधी होत असे आणि त्यामुळे गाणे मध्येच तुटण्याची भीती होती. म्हणून विस्टामध्ये असा नियम घातला होता, की गाणे किंवा चित्रफीत चालू असताना दर मिलिसेकंदाला दहाच पॅकेट स्वीकारायची. म्हणजे सेकंदाला दहा हजार. १०० मेगाबिट जोडणीवर ही मर्यादा जाणवली नसती. पण गिगाबिट जोडणी ८१ हजार पॅकेट आणू शकते. तिचा वेग आठव्या हिश्श्यावर, सेकंदाला साधारण १५ मेगाबाइटवर आला. संगणकात एकापेक्षा जास्त नेटवर्क कार्डे असतील, तर एका चुकीमुळे ही मर्यादा आणखी खाली जात होती. पुढे ही मर्यादा बदलण्याची सोय देण्यात आली.

या घटनेचा धडा आजही लागू आहे. वेग कमी करणारा घटक लाइनवर नसून संगणकाच्या आत, तोही चांगल्या हेतूने घातलेल्या नियमात असू शकतो. आणि तो सापडला कसा? ‘गाणे लावले की’ या एका निरीक्षणामुळे. तक्रार किती वेगाने होते यापेक्षा ती केव्हा होते, याची नोंद अधिक मोलाची असते.

आजच्या यंत्रांत हा दोष कोणकोणत्या रूपांत दिसतो?

पहिले रूप ‘एकच खिडकी उघडी’ असल्याचे. तहसील कचेरीत चार कारकून बसलेले, पण सगळे अर्ज एकाच खिडकीवर. असे झाले तर रांग वाढतेच. प्रोसेसरला चार किंवा आठ कोअर असतात. पण नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट एकाच कोअरकडे जात असतील, तर तो कोअर पूर्ण भरतो आणि बाकीचे रिकामे राहतात. चार कोअरच्या संगणकात तेव्हा एकूण वापर फक्त २५ टक्के दिसतो. ‘प्रोसेसरला तर काहीच काम नाही’ असे म्हणून तंत्रज्ञ पुढे जातो. नेमकी इथेच फसगत होते.

दुसरे रूप वाटून घेतलेल्या लाइनचे. एका लाइनवर दोन उपकरणे असतील आणि त्यातले एक सतत खोटा संकेत देत असेल, तर लिनक्स काही काळ सहन करते. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणाचेच नाहीत असे आढळले, की ती लाइन बंद केली जाते आणि नोंदवहीत ‘नोबडी केअर्ड’ अशा शब्दांची ओळ पडते. त्यानंतर ती लाइन सेकंदाला केवळ दहा वेळा पाहिली जाते. बिचाऱ्या नेटवर्क कार्डाचा काही दोष नसतो, पण त्याची पॅकेट शंभर मिलिसेकंदांपर्यंत खोळंबतात. जोडणी तुटत नाही. ती फक्त रखडते.

तिसरे रूप एकगठ्ठा टपालाच्या अतिरेकाचे. प्रत्येक पॅकेटसाठी इंटरप्ट न देता थोडे थांबून एकदम द्यायची सोय कार्डांत असते. फार कमी थांबले तर प्रोसेसर थकतो, फार जास्त थांबले तर उत्तर उशिरा मिळते. मोठी फाइल उतरवताना हा उशीर कळत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र शेजारच्या संगणकावरील फाइल उघडताना हजारो छोटे प्रश्न-उत्तरांचे फेरे मारते. असे दहा हजार फेरे धरले आणि प्रत्येक फेऱ्याला ०.२ मिलिसेकंद लागले, तर काम दोन सेकंदांत होते. प्रत्येकी एक मिलिसेकंद लागला तर दहा सेकंद. वर सांगितलेल्या बंद पडलेल्या लाइनमुळे सरासरी ५० मिलिसेकंद लागले, तर तेच काम आठ मिनिटांवर जाते.

चौथे रूप दुसऱ्याच उपकरणाच्या ड्रायव्हरचे. साउंड, ग्राफिक्स, कार्ड रीडर किंवा यूएसबीचा ड्रायव्हर इंटरप्ट हाताळताना प्रोसेसर फार वेळ अडवून ठेवतो. तेवढ्यात नेटवर्क कार्डाची साठवण भरते आणि नवी पॅकेट गळतात. गळालेली पॅकेट पुन्हा मागवावी लागतात, पाठवणारी बाजू गर्दी समजून आपला वेग कमी करते. त्रास नेटवर्कला होतो, पण गुन्हेगार तिसराच असतो.

पाचवे रूप घरगुती राउटरचे. अनेक राउटर पॅकेट पुढे ढकलण्याचे काम वेगळ्या हार्डवेअरकडून करून घेतात. मुलांसाठीचे नियंत्रण, प्रत्येक उपकरणाच्या डेटाचा हिशेब किंवा प्राधान्यक्रम अशा सोयी सुरू केल्या, की पुष्कळ मॉडेलमध्ये हा जवळचा मार्ग बंद होतो. मग प्रत्येक पॅकेट राउटरच्या छोट्या प्रोसेसरमधून जाते आणि प्लॅन मोठा असूनही वेग तिथेच अडतो.

निदान कोणत्या क्रमाने करावे?

थेट इंटरप्टवर संशय घेणे चूक ठरेल. आधी सोपी कारणे बाजूला काढावी लागतात.

१. वाय-फाय सोडून केबल लावावी. त्याच केबलवर, त्याच पोर्टवर दुसरा लॅपटॉप जोडून पाहावा. दुसरा वेगाने चालला, तर लाइन आणि राउटर निर्दोष. दोष पहिल्या संगणकात.

२. जोडणी कोणत्या वेगावर ठरली आहे ते पाहावे. केबलमधील एक तार खराब असली तरी गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरते. हा दोष इंटरप्टचा नव्हे, केबल बदलली की जातो.

३. संगणकावरून स्वतःच्या राउटरला ‘पिंग’ करावे. केबलवर हे उत्तर साधारण एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. काहीही डाउनलोड होत नसताना ते दहा, पन्नास, शंभर मिलिसेकंदांच्या उड्या मारत असेल, तर अडथळा घराच्या आतच आहे. सेवा पुरवठादाराला फोन करण्याचे कारण उरत नाही.

४. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘सिस्टम इंटरप्ट्स’ ही ओळ पाहावी. संगणक शांत असताना ती एखाद्या टक्क्याच्या आत असते. ती सतत दहा-वीस टक्क्यांवर असेल, तर संशयाला जागा आहे. प्रोसेसरचा आलेख एकत्रित न पाहता कोअरनिहाय पाहावा. एकच कोअर भरलेला दिसला तर वरचे पहिले रूप आठवावे.

५. कोणता ड्रायव्हर वेळ खातो, हे ‘लेटन्सीमॉन’सारखे साधन नावानिशी दाखवते. लिनक्सवर ‘प्रोक’ फोल्डरमधील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल काही सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी. कोणत्या उपकरणाचे आकडे कोणत्या कोअरच्या रकान्यात वाढतात, ते तिथे स्पष्ट दिसते. ‘टॉप’ या आज्ञेत ‘एचआय’ आणि ‘एसआय’ हे दोन आकडे इंटरप्टवर गेलेला वेळ सांगतात. ‘नोबडी केअर्ड’ ही ओळ ‘डीमेसेज’मध्ये शोधावी.

उपाय काय?

नियम एकच : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर मोजमाप. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर वेग सुधारला तरी कारण कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत येतो.

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जावे. वापरात नसलेली जुनी कार्डे काढावीत किंवा बंद करावीत. लाइन वाटून घेतलेली दिसली तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. बायोस अद्ययावत करण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ते अर्धवट राहिले तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. यूएसबीचे नेटवर्क अडॅप्टर वेगळ्या पोर्टवर लावणे हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

सर्व्हरवर ‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ चालू आहे का, म्हणजे काम सगळ्या कोअरवर वाटले जाते का, हे पाहावे. लिनक्सवर हे वाटप ‘आयआरक्यू-बॅलन्स’ ही सेवा सांभाळते. कार्डाला एकच रांग असेल, तर लिनक्सच्या २.६.३५ आवृत्तीपासून सॉफ्टवेअरनेही पॅकेट वेगवेगळ्या कोअरकडे पाठवता येतात. राउटरवर मात्र नको असलेल्या सोयी बंद करून वेग पुन्हा मोजणे पुरते. हे सगळे करूनही फरक पडला नाही, तर चारपाचशे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळणारे नवे नेटवर्क कार्ड लावून पाहावे. दरमहा वाढीव प्लॅन भरण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

मोबाइलवर असे घडते का?

घडते, पण वेगळ्या वेशात. फोनमधील वाय-फाय आणि मोडेमच्या चिपही इंटरप्ट देऊनच प्रोसेसरला जागे करतात. झोपलेला प्रोसेसर वारंवार जागा झाला की बॅटरी उतरते. म्हणून अँड्रॉइड सर्वांसाठी पाठवलेली पॅकेट सहसा गाळून टाकते आणि ॲपला ती हवी असतील तर खास परवानगी मागावी लागते. हॉटस्पॉट चालू असताना फोनच राउटर बनतो. तो तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप घटतो आणि पॅकेट हाताळण्याची क्षमताही त्याबरोबर कमी होते. सामान्य वापरकर्त्याला फोनमधील इंटरप्टची सेटिंग बदलता येत नाही, तशी गरजही नसते. फोन थंड ठेवणे, अपडेट करणे आणि नुकत्याच टाकलेल्या ॲपवर लक्ष ठेवणे एवढेच हाती असते.

मग बदलायचे काय?

खरा प्रश्न तांत्रिक कमी आणि जबाबदारीचा अधिक आहे. जानेवारी २०२३ पासून देशात ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर गेली. ही सुधारणा योग्यच. पण सेवा पुरवठादाराची जबाबदारी घरातल्या पेटीपाशी संपते, संगणक विक्रेत्याची वॉरंटीपाशी आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याची तर कुठे सुरूच होत नाही. या तिघांच्या मधल्या जागेत ग्राहक उभा असतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणून प्लॅन वाढतो.

त्याची झळ ज्यांना बसते ते बडे सर्व्हर चालवणारे नव्हेत. त्यांच्याकडे अभियंते असतात. झळ बसते ती आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला, गावच्या पतसंस्थेला, शाळेच्या संगणक कक्षाला, चार संगणकांवर हिशेब लिहिणाऱ्या सल्लागाराला. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एक संगणक रखडला, तर रांगेतल्या माणसाचा दिवस बुडतो. तिथे ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले जाते. दोष खरोखर सर्व्हरचा आहे की टेबलावरच्या यंत्राचा, हे कुणी पाहतच नाही.

यावर तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, देखभालीच्या वार्षिक करारात ‘नेट स्लो’ या तक्रारीसाठी वरचा निदानक्रम बंधनकारक करावा. दुसऱ्या यंत्रावरची चाचणी, राउटरपर्यंतचे पिंग आणि कोअरनिहाय आलेख या तीन नोंदी नसतील, तर तक्रार मिटली असे मानू नये. या तपासणीला अर्धा तासही लागत नाही. दुसरी, आयटीआयच्या संगणक अभ्यासक्रमांत आणि खासगी हार्डवेअर वर्गांत विंडोज पुन्हा टाकण्याइतकेच महत्त्व निदानाला द्यावे. विंडोज नव्याने टाकल्यावर दोष कधी कधी जातो, कारण ड्रायव्हर बदलतो. पण कारण न कळल्याने पुढच्या अपडेटला तो परत येतो आणि तंत्रज्ञाची फी पुन्हा द्यावी लागते.

तिसरी गोष्ट उत्पादकांची. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे पोर्टलही सुरू झाले. ही चर्चा बहुतांशी सुटे भाग आणि माहितीपुस्तिकांभोवती फिरते. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे. हार्डवेअर ठणठणीत असताना केवळ ड्रायव्हर मिळणे बंद झाले म्हणून यंत्र भंगारात जाणे, हे स्क्रू न मिळाल्याने पंखा फेकून देण्यासारखेच. विक्रीनंतर किती वर्षे ड्रायव्हर मिळेल, हे खोक्यावर छापायला हवे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की सामान्य माणसाला एवढ्या खोलात नेऊन उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाने इंटरप्टचे रकाने वाचावेत, अशी अपेक्षा करणे चूकच. पण गाडीचे इंजिन खोलता न येणाऱ्यालाही ॲव्हरेज घटले हे कळते आणि पेट्रोल बदलून पाहण्याआधी तो गॅरेजमध्ये जातो. इंटरनेटच्या बाबतीत एवढीच सवय लागायला हवी. वेग घटला तर आधी दुसऱ्या यंत्रावर तपासावे, तो केव्हा घटतो ते लिहून ठेवावे आणि दोष कुठे आहे हे कळल्यावरच पाकीट उघडावे.